निवडणुकीचा डबा

आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यातल्या हवालदारांना चंपाबाई रामटेकेच्या हातची वांग्याची भाजी फार आवडायची. ती त्यांच्या नशिबी यायची फक्त निवडणुकीत. विधानसभा असो, लोकसभा असो की नगर निगम, मतदानाच्या आदल्या दिवशी ठाण्याची गाडी भिलाईतल्या पावर हाउस भागातल्या रेल्वेलाइनीपलीकडच्या तिच्या वस्तीत यायची, तरण्या पोरांना भरून न्यायची आणि मतदान संपल्यावर सोडून द्यायची. पोरं आत, म्हणजे त्यांची मतंही आत. या पोरांसाठी चंपाबाई डबा न्यायची. डबा कसला, चांगलं मोठं पातेलंच. पोरांचं उरलेलं हवालदार खायचे असं म्हणायची पद्धत होती. खरं म्हणजे त्यांचं आधीच काढून ठेवलेलं असायचं.

हे वाचून तुम्हाला संताप आला असेल तर बरंच आहे. वस्तीत कुणाला येत नव्हता. फार वर्षांपूर्वी एका निवडणुकीत बूथवर खुर्च्या फेकल्या गेल्या होत्या. तेव्हापासून ‘शांतिभंगाची शंका’ म्हणून ही गाडी येत होती. खुर्च्या फेकणारे आता आजोबा झाले, तरी शंका काही म्हातारी होईना. मग लोकांनीच सवय करून घेतली. गाडी यायच्या दिवशी आया सकाळीच पांघरुणं उन्हात घालायच्या. पोरं खिशात पत्ते टाकून तयार. एकदा एका पोराला घ्यायचं राहून गेलं, तर तो रुसून बसला, की मी काय लहान आहे का, मला कावून नाही नेलं. हे मी कानांनी ऐकलेलं आहे, पदरचं सांगत नाही.

मी गीतांजली. माझे यजमान स्टील प्लांटच्या ऑफिसात क्लार्क होते आणि मी शाळेत शिकवायची. प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये, आमचं क्वार्टर आणि चंपाबाईचं क्वार्टर पाठीला पाठ लावून. मधली भिंत बुटकी होती, त्यामुळे भाजीच्या वाट्या आणि घरच्या कटकटी दोन्ही सहज पलीकडे जायच्या. तिचा धाकटा अतुल पाळण्यात होता तेव्हा तिचा नवरा प्लांटमध्ये अपघातात गेला. अनुकंपा तत्त्वावर तिला कॅन्टीनमध्ये नोकरी मिळाली. तिथं ती रिटायर होईपर्यंत जेवण वाढत राहिली. समोर भुकेलं माणूस दिसलं की तिचं डोकं चालायचं बंद व्हायचं आणि हात चालायला लागायचे. एका संपाच्या दिवशी तिनं गेटवर बसलेल्या संपवाल्यांना चहा दिला आणि आत कामावर आलेल्यांनाही दिला. दोन्हीकडच्यांनी तिला शिव्या घातल्या आणि दोन्हीकडच्यांनी चहा प्यायला.

माझे यजमान आणि ती रिटायर झाल्यावर क्वार्टरं सोडावी लागली. आम्ही शहरातच जुनवानीला घर घेतलं, ती लाइनीपलीकडच्या वस्तीत गेली, जिथं विदर्भातून आलेली तिच्या समाजाची बरीच घरं आहेत. मी स्कूटी काढून तिच्याकडे जायची. ती मला ताई म्हणते आणि अहोजाहो करते. मी तिला सरळ अगंतुगं करते आणि ती वयानं माझ्याहून मोठी आहे, हे दोघीही विसरून गेलोय.

नगर निगमची जी निवडणूक मी सांगतेय, त्या वेळी अतुल घरी होता. आधीची वर्षं तो नागपूरला मामाकडे राहून शिकला, त्यामुळे ठाण्याची गाडी त्याच्या वाट्याला कधी आली नव्हती. रेल्वेत टेक्निशियन म्हणून त्याचं सिलेक्शन झालं होतं. परीक्षा झाली, मेडिकल झालं, फक्त पोलीस व्हेरिफिकेशन बाकी होतं. ते कुठून यायचं होतं? त्याच ठाण्यातून. पोरगा चांगल्या चालीचा आहे असं ठाण्यानं लिहून दिलं की नोकरी पक्की. नवरा गेल्यापासून चंपाबाईनं दुसरं काही मागितलं नव्हतं.

तेव्हा गाडी येणार हे कळल्यावर तिनं काय करावं? ती मला घेऊन पावर हाउसच्या बाजारात गेली आणि नेहमीपेक्षा जास्त वांगी घेतली.

“साहेबाच्या पोटात गेलं म्हणजे आपला कागद सरकते, ताई,” ती म्हणाली. मीही मान डोलावली. तेव्हा मला ते शहाणपणाचंच वाटलं.

सकाळी गाडी आली आणि पोरांना घेऊन गेली. अतुलनं जाताना काही विचारलं असेल तर कुणी ऐकलं नाही, कारण बाकीची पोरं वरातीला निघाल्यासारखी चढत होती. दुपारी मी आणि चंपाबाई पातेलं धरून ठाण्यात गेलो. पोरं कोठडीत पत्ते मांडून बसली होती. अतुल एकटा गजांना धरून उभा होता.

“आई, मले कावून आणलं?”

“निवडणूक हाय ना बापा. आणतेच.”

“आणतेच म्हणजे? मी केलं काय?”

इतक्या निवडणुका चंपाबाई इथं येत होती, पण हा प्रश्न तिनं कुणाला विचारला नव्हता. मग ती वळली. मागे एक हवालदार ताटली घेऊन उभाच होता.

“साहेब, पोट्टा इचारून राहिला, त्याले कावून आणलं?”

“ऊपर से आदेश है, माई,” तो म्हणाला आणि पातेल्यात डोकावला. “आज बैंगन में मूंगफली कम लग रही है.”

दाण्याचा कूट कमी नव्हता. मी डोळ्यांनी पाहिला होता. चंपाबाईनं त्याच्याकडे बघितलं आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

“पहिले कारण सांगा. मंग जेवा.”

हवालदाराला वाटलं ती थट्टा करतेय. तो हसला. ती पातेलं उचलून दाराकडे निघाली, तशी कोठडीतून वस्तीतल्या ललिताचा मुलगा नरेश ओरडला, “मावशे, भांडण मंग करजो न, भूक लागली.” हा नरेश आटो चालवायचा आणि खाण्यापुढे त्याला काही सुचायचं नाही. झालं, चंपाबाई परत फिरली. भुकेलं माणूस दिसलं की संपलं तिचं. तिनं गजातून एकेका पोराला वाढलं, पोटभर वाढलं, आणि उरलेलं पातेलं ठाण्याच्या व्हरांड्यात आणून त्यावर झाकण घालून त्याच्याशेजारी स्वतः बसली. हवालदारांपैकी एकालाही चमचाभर मिळालं नाही. त्यांना कायद्याची भीती वाटली नसेल, पण त्या दुपारी ते खरोखर उदास दिसत होते.

मी म्हटलं, “चंपाबाई, उठ. अतुलच्या कागदाचं काय?”

“तेच त म्हणून राहिली ताई. मी दरवेळी वाढते पण कावून वाढते हे मलेच माहीत नाही.”

ती रागावली होती ती ठाण्यावर नव्हे, स्वतःवर. आपण डबा आणत राहिलो म्हणून पोरं मजेत आत बसत राहिली आणि वस्तीला कधी त्रास असा झालाच नाही, हे तिला त्या क्षणी कळलं होतं. मला ते कळायला रात्र जावी लागली.

तासाभरात ललिता आली, मग इतर आया आल्या. मागणं एकच, पोरांना कशासाठी आणलं ते सांगा आणि उद्या मतदानाच्या वेळेत सोडा. टीआयसाहेब, म्हणजे ठाण्याचे मुख्य, तरुण गृहस्थ होते आणि त्यांना वाटलं संध्याकाळ झाली की बाया चुलीकडे पळतील. त्यांची बदली भिलाईत नवीन होती. इथं घराघरात तीन शिफ्टची सवय. भट्टी विझत नाही म्हणून माणसानं जागा सोडायची नाही, रिलीव्हर आला, त्याला चार्ज दिला, की मगच उठायचं, हे इथल्या पोरीबाळींनाही पाठ. चंपाबाईनं तेच लावलं. फर्स्ट शिफ्टला या घरच्या, सेकंडला त्या, नाइटला ज्यांची लेकरं मोठी आहेत त्या. कुणाला स्वयंपाकाला जायचं असेल तर दुसरी येऊन बसल्यावर उठायचं. साहेब रात्री घरी गेले तेव्हा बाया बसलेल्या, सकाळी आले तेव्हा बसलेल्याच. फक्त तोंडं वेगळी होती. ते त्यांना फार लागलं असावं.

मतदानाच्या दिवशी मी माझं मत देऊन, बोटाला शाई लावून परत ठाण्यात आले. निवडणूक निरीक्षकाचा नंबर पेपरात आला होता, त्यावर फोन लावून लावून माझा अंगठा दुखत होता. दुपार कलली तशी बायांमध्ये कुजबूज सुरू झाली. आता वेळ थोडाच उरला होता. तेवढ्यात साहेबांनी चंपाबाईला आत बोलावलं. तिनं मलाही हात धरून नेलं.

ते सज्जनपणे बोलले, हे मला सांगायला हवं. अतुलचा व्हेरिफिकेशनचा कागद त्यांनी टेबलावर काढून ठेवला होता. “लड़का अच्छा है,” ते म्हणाले. अतुलला आत्ता घेऊन जा, त्याला मत देऊ दे, मी हा कागद आजच साफ लिहून पाठवतो. तू फक्त घरी जा. बाकीची पोरं संध्याकाळी सुटतीलच, दरवेळी सुटतात. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. ती घरी गेली नाही तर काय लिहितील, हेही बोलले नाहीत. त्याची गरजच नव्हती.

चंपाबाईनं माझ्याकडे बघितलं. मी सांगते, मी तिला डोळ्यांनी ‘जा’ म्हटलं. कोणीही म्हणालं असतं.

आणि ती ‘हो’ म्हणाली. हवालदारानं कोठडी उघडली, अतुल बाहेर आला. मागे पोरांनी पत्ते खाली ठेवले होते. तिनं त्याचं मनगट धरलं, लहानपणी बाजारात धरायची तसं, आणि आम्ही तिघं व्हरांड्यात आलो. बसलेल्या बायांनी बघितलं. ललितानं पाय आवरून घेतले आणि वाट करून दिली.

“जा वं चंपे, घेऊन जा त्याले,” ललिता म्हणाली. “तुह्या पोराची नोकरी हाय. आमी बसतो.”

ललिता टोमणा मारत नव्हती. ती मनापासून म्हणत होती, आणि तिचाच नरेश आत होता. ती रागावली असती तर चंपाबाई निघून गेली असती, असं मला अजूनही वाटतं. भांडणातून जाणं सोपं असतं. चंपाबाई दोन पायऱ्या उतरली. मग तिनं अतुलचं मनगट सोडलं आणि म्हणाली, “बस इथं.”

“आई?”

“बस म्हणलं न.”

ती ललिताशेजारी बसली. अतुल उभा राहिला, गेटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्याला जायचं होतं. तो काही हुतात्मा व्हायला जन्मलेला नव्हता. चोवीस-पंचविशीतला, नोकरीची स्वप्नं बघणारा पोरगा होता. शेवटी तो आईच्या मागे भिंतीला टेकून बसला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

साहेब दारात आले. “अब क्या हुआ, माई?”

“बाकी पोट्टे सुटल्याबिगर याची सुट्टी होत नाही, साहेब,” ती म्हणाली. मराठीतच म्हणाली. साहेबांना समजलं असावं, कारण ते लगेच आत गेले.

त्यानंतर थोड्या वेळानं पोरं सुटली. वरून फोन आला एवढं कळलं. कुणाचा, ते आजवर कळलेलं नाही. मी म्हणते माझ्या फोनमुळे निरीक्षक जागा झाला. ललिता म्हणते तिच्या भावानं राजधानीत कुणाला तरी सांगितलं. हवालदार म्हणतात साहेबांना स्वतःलाच दया आली. काहीही असो, पोरं ठाण्यातून निघाली ती सरळ शाळेतल्या बूथकडे. दाढी वाढलेली, डोळे चोळत, पण धावत. गेट बंद व्हायच्या आत सगळी रांगेत लागली. अतुलही होता. आम्ही बाया बाहेर उभ्या होतो. पहिलं पोरगं बोट वर करून बाहेर आलं तेव्हा ललिता मटकन खाली बसली आणि रडली. मीही रडले. उगाच का लपवू?

गोष्ट इथं संपली असती तर फार बरं झालं असतं.

रेल्वेकडून अतुलला कळलं, की पोलिसांचा अहवाल चांगला नाही. शांतिभंगाच्या शंकेवरून कारवाई झालेला तरुण, असं लिहून आलं होतं. इतक्या वर्षांत इतक्या पोरांना उचललं, पण असं कुणाबद्दल कधी लिहिलं गेलं नव्हतं. नेमणूक थांबली. अतुल आता एका कंत्राटदाराकडे वेल्डिंग करतो. घरी येतो, जेवतो, झोपतो. आईशी बोलतो, पण मोजकं.

चंपाबाई मात्र बोलायला लागली. वस्तीच्या बाया, काही रिटायर कामगार आणि कॉलेजची चार पोरं मिळून जिल्ह्याच्या ठिकाणी, दुर्गला, एसपी ऑफिसात तक्रार दिली. अतुलबद्दल जे लिहिलं ते कशावरून, हे सांगा. कुणालाही उचललं तर त्याच्या घरच्यांना कारण सांगा. मतदानाच्या दिवशी कुणाला बसवून ठेवू नका, आणि ठेवायचंच असेल तर त्याला मत द्यायला न्या. पावर हाउसच्या चौकात सभा झाली, तिथं तिला माइक दिला. तिनं माइक पळीसारखा धरला होता. “मी पोलिसाले वांगे खाऊ घालत होती,” ती म्हणाली आणि लोक हसले. “माह्याच हातानं. पोट्ट्याईले आत ठेवलं म्हणून.” मग कुणी हसलं नाही. तारखा पडत राहतात, तक्रार अजून चालू आहे. माझा या ऑफिसांवर फारसा विश्वास नाही, तरी मी दर तारखेला स्कूटी काढते.

मागच्या आठवड्यात मी तिच्याकडे बसले होते. अतुल नुकताच कामावरून आला होता. इतक्यात नरेश पेढे घेऊन आला. त्या निवडणुकीत वस्तीचा जुना पार्षद, म्हणजे नगरसेवकच, पुन्हा निवडून आला होता. पोरांना उचलायला तोच सांगतो असं वस्तीत सगळे म्हणतात. त्यानं आता नरेशच्या आटोला स्टँडवर जागा मिळवून दिली होती.

“त्यानं देली जागा?” चंपाबाईनं विचारलं.

“हो न मावशे. कबूल केलं होतं त्यानं. खोटं कावून बोलू, मी त पार्षद भैयालेच मत देलं होतं. आमच्यातल्या निम्म्या पोट्ट्याईनं त्यालेच देलं.”

तो इतक्या भोळेपणानं बोलला की मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. अजूनही वाटते. अतुलच्या हातातला ग्लास तसाच राहिला.

“ऐकलं, आई?” तो म्हणाला. इतक्या महिन्यांत त्याचा आवाज पहिल्यांदा चढला होता. “याच्यासाठी माही नोकरी घालवली तू? यानं त्यालेच मत द्यावं म्हणून?”

नरेशचं तोंड उतरलं. तो उठायला लागला, तर चंपाबाईनं त्याला हातानं खाली बसवलं. मग ती रडायला लागली. नवरा गेला तेव्हा मी तिच्याजवळ होते, तेव्हाही ती इतकी मोकळी रडली नव्हती. अतुल घाबरला. ग्लास खाली ठेवून तो तिच्यापाशी येऊन बसला.

“लय वाईट वाटते रे मले,” ती म्हणाली. “रोज सकाळी तू त्या कंत्राटदाराकडे जाते तवा वाटते. पण त्याचं मत त्याचं होतं, अतुल. तुही नोकरी देऊन मी ते विकत नव्हतं घेतलं.”